शेवटचे शंभर मीटर

अ‍ॅक्सिलरेटरची केबल ढिली करायला चिंतामणींना मिनिटही लागत नसे. बॉनेट उघडायचं, दहाचा पाना लावायचा, नट दोन आटे मागे घ्यायचा. मग इरावतीने अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरी कार्बोरेटरचं तोंड पुरतं उघडत नसे. गाडी पळायची, पण हातचं राखून.

हे सगळं ती चहा टाकायला आत गेली की.

गाडी म्हणजे पंचवीस वर्षांची जुनी झेन. चिंतामणींची बायको पद्मजा गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात इरावतीने ती टेम्पोला बांधून तळेगावच्या घरी ओढत आणली आणि म्हणाली, "बाबा, मला ड्रॅग रेस करायचीय. चारशे मीटर सरळ रस्ता, शेजारी शेजारी दोन गाड्या, आधी पोचेल तो जिंकला. गाडी तुम्ही तयार करून द्यायची."

चिंतामणी तिच्याकडे बघतच राहिले. सायकल शिकताना "बाबा, सीट सोडू नका" म्हणून रडणारी ही पोरगी! त्यांचा सगळा जन्म गिअरबॉक्सच्या कारखान्यात गेला होता, पण रिटायर झाल्यापासून आणि मग बायकोच्या आजारपणात पान्याला हात लागला नव्हता.

"हे काय भलतंच खूळ?" ते म्हणाले. तरी दुसऱ्या दिवशी नुसतं बघायचं म्हणून त्यांनी बॉनेट उघडलं, आणि जेवायची वेळ टळून गेली तरी त्यांना पत्ता नव्हता.

मग मागची सीट निघाली. फ्लायव्हीलचं जड चाक लेथवर जाऊन हलकं होऊन आलं. कार्बोरेटरचे जेट बदलले, एक्झॉस्टचा पाइप नव्याने वाकवून घेतला. पुढच्या टायरमध्ये हवा किती कमी ठेवली की सुटताना रबर रस्ता धरून ठेवतं, याच्यावर बापलेकींचे जेवताना वाद झडू लागले. एका सकाळी इंजिन असं काही लागलं की बॉनेटवर ठेवलेला हात चिंतामणींना उचलावासाच वाटेना.

त्याच दिवशी त्यांना भीती वाटली. गाडी आता खरंच पळणार होती. आणि आत बसणार होती इरावती. घरात आता तेवढं एकच माणूस उरलं होतं.

म्हणून केबल.

शिरगावच्या पुढे एका बंद कारखान्याच्या आवारात लांबच लांब रस्ता होता. मालकाच्या परवानगीने महिन्यातल्या एका रविवारी हौशी मंडळी तिथे जमत. इरावती दर वेळी हरायची, आणि तेही थोडक्यात. पण तिचा चेहरा कधी पडत नसे. हेल्मेट काढता काढता विचारायची, "काय राहिलं असेल हो बाबा?" की चिंतामणी दुसऱ्या दिवशी उजाडताच गाडीखाली.

मागच्या खेपेला मात्र गर्दीतला एक जण मोठ्याने म्हणाला, "गाडी झकास आहे राव. पण बाई चालवते ना, तिथंच गाडं अडतंय." चार जण हसले. इरावतीही हसली. चिंतामणींना मात्र ते बोचलं. दोष आपला आणि बोल पोरीला.

आज निघण्यापूर्वी त्यांनी बॉनेट उघडलं आणि पहिल्यांदाच नट उलटा फिरवून केबल ताणून घेतली.

"आज जरा सांभाळून चालव," ते म्हणाले.

"का? आज काय विशेष?"

"काही नाही. म्हटलं आपलं."

शेवटची फेरी भाजे गावच्या संदेशशी लागली. संदेश तिथला सगळ्यात वेगवान. फाटकावर बेडसे गावचे भिमाजी पहाऱ्याला होते. तेही काठी टेकत चिंतामणींच्या शेजारी कठड्याला येऊन उभे राहिले.

"सर, आज तरी जमतंय का पोरीला?"

"जमेल, भाऊ," चिंतामणी म्हणाले.

हिरवा दिवा लागला आणि झेन सुटली. सुटली म्हणजे काय, उधळली. भिमाजींची काठीच हातातून पडली.

"आरं तिच्या! ही कुटं व्हती इतके दिस?"

निम्म्या रस्त्यापर्यंत इरावती गाडीभर पुढे होती. चिंतामणींनी डोळे मिटून घेतले, पुन्हा उघडले. ती अजून पुढेच होती. नीट, सरळ, कुठे जरासुद्धा न डगमगता. आपण उगाच भ्यालो, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं. त्यांनी ओरडायला तोंड उघडलं.

शेवटच्या शंभर मीटरला आवाज बसला.

इंजिनाची शिट्टी एकदम खाली आली. संदेशची गाडी बाजूने सरकली आणि बॉनेटभर अंतराने पुढे निघून गेली.

"आगं आयाय," भिमाजी हळहळले. "काय झालं ओ सर?"

चिंतामणी चालायलाही लागले होते. पेट्रोल कमी पडलं असणार. आता गाडी जोरात ओढणार, म्हणजे पंपही मोठा हवा. की क्लच घसरला? उद्या सकाळी आधी कार्बोरेटरचा फ्लोट चेंबर उघडायचा. वाटेत कुणीतरी "काका, पाणी?" म्हणालं, पण ते त्यांना ऐकूच गेलं नाही. गुडघेदुखी विसरून ते झपाझप निघाले होते.

रस्त्याच्या टोकाला पत्र्याची शेड होती. दोन्ही गाड्या तिच्यापलीकडे उभ्या होत्या. कोपरा वळणार, तोच संदेशचा आवाज आला.

"ताई, ह्या खेपेलाबी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला तुमी. म्या शेजारीच व्हतो, मला कळत न्हाई व्हय? दर वेळंला शेवटी शेवटी काढताय."

"हळू बोल रे." इरावती दबक्या आवाजात हसली. "आज बाबांनी काय जादू केली कोण जाणे. गाडी आवरतच नव्हती. पाय लवकरच काढावा लागला."

"पन का? एकदा जिंकलं तर बिघडतंय कुटं?"

"जिंकले, की गाडी झाली पूर्ण," ती म्हणाली. "मग बाबा सकाळी उठतील कशासाठी?"