खिडकीतून रुमाल

"परत माझी फाइल पुसलीस!"

मी ओरडले तसा पलीकडच्या टेबलावरचा सौमित्र दचकला. "अगं, त्या नावाची फाइल नाही, हे बघूनच लिहिलं." बघितलं तर मीही होतं. दोघांच्या स्क्रिप्टनी, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमनी, सामायिक फोल्डरमध्ये एकदमच डोकावलं, दोघांनाही जागा रिकामी दिसली, आणि माझी दिवसभराची मेहनत त्याच्या आकड्यांखाली गेली.

"एसटीनं कधी गेलायस का रे? रिकामी सीट बघून दारातून आत शिरेपर्यंत तिथे कुणीतरी बसलेलं असतं. म्हणून आधी खिडकीतून रुमाल टाकायचा!"

त्यानं शेलला, म्हणजे आमच्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, तेच शिकवलं. लिहिण्याआधी 'रुमाल' नावाची फाइल बनवायची. बनली, तर जागा आपली. आधीच असली, तर शेलनं तिच्यावर दुसरी बनवू द्यायची नाही; आपण थांबायचं. काम झालं की रुमाल उचलायचा.

तेव्हापासून एकही फाइल पुसली गेली नाही. भांडणंही थांबली आणि, खरं सांगते, मला करमेना.

आज जेवणाच्या सुट्टीत माझी स्क्रिप्ट अडली. 'रुमाल आधीच आहे.' सौमित्रची तर एकही स्क्रिप्ट चालू नव्हती, तो जागेवरही नव्हता. मी तावातावानं कँटीन गाठलं.

गच्च गर्दीत त्याच्या शेजारची एकच खुर्ची रिकामी होती. तिच्यावर निळा रुमाल.

"उचलायला विसरलास ना?"

"नाही. मुद्दाम टाकलाय," तो म्हणाला. "ओरडत येशील, म्हणून."

मी रुमाल उचलला आणि भांडायचं विसरून बसले.