कळसाची वाट

"घर पाड म्हणत नाय, बाय. फक्त माडी चढवू नको." म्हातारा तांडेल टोपी हातात घेऊन द्वारकाच्या अंगणात उभा होता. शेजारी माडीसाठी आणलेल्या चिऱ्यांची रास.

खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली खडक आहे. टेकडीवरच्या देवळाचा कळस काठावरच्या जुन्या बुरुजाच्या बरोबर माथ्यावर दिसला, की त्या रेषेत होडी आत घालायची. पणजोबांपासून सगळे याच खुणेनं घरी येत आले. द्वारकाचं घर नेमकं देऊळ आणि बुरूज यांच्या मधोमध. माडी झाली की कळस झाकणार.

"आणि वैशाखात सून येईल, तिला निजवू कुठं, काका? बुरुजावर?"

म्हाताऱ्यानं टोपी डोक्यावर चढवली. मान खाली घालून तो निघाला, तशी तिनं हाक मारली. "थांबा. परसातला आंबा तोडते. खोली तिथं बांधू."

तो आंबा तिच्या नवऱ्यानं लावला होता. नवरा गेला, तरी आंबा दरवर्षी मोहरायचा.

दुसऱ्या दिवशी ओहोटी लागली आणि अख्खा कोळीवाडा अंगणात आला. बाप्ये चिरे उचलून देत होते, बाया डोक्यावरून परसात नेत होत्या. द्वारका गांगरली. "अगो, एवढ्यांची मजुरी मी कुठून देऊ?"

तांडेलाची बायको डोक्यावरच्या चिऱ्यासकट तिच्यापुढे थांबली. "तुझ्या घरावरनं कळस बघत आमचा म्हातारा रोज घरी येतो, त्याची मजुरी तू आधी सांग. आणि वाटेतून सरक गो, मान मोडली माझी!"