इंदुमतीची रेवती

इंदुमती गेल्याचा दवाखान्यातून फोन आला, त्या दिवशी तिची रेवतीची मालिका घरच्या टीव्हीवर अर्धीच थांबलेली होती. दवाखान्यात जाताना ती नवऱ्याला, गणपतरावांना म्हणाली होती, "रेवतीचा बाप लग्नाला हो म्हणतो का, तेवढं बघून मला सांगा."

शेजारच्या मालनवहिनी पिठलं-भाकरी घेऊन आल्या, तेव्हा गणपतरावांनी विचारलं, "वहिनी, रेवतीचं लग्न ठरलं का हो?"

"मला काय ठाऊक, भावजी? बघणाऱ्याचा चेहरा बघून टीव्ही गोष्ट रचतो. माझ्या टीव्हीवर नुसते पोलीस येतात. रेवती फक्त तिचीच."

तेराव्यानंतर गणपतराव स्वतः टीव्हीसमोर बसले. रेवती बापापुढे रडत होती. मग तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "ते राहू द्या, आबा. उसाला पाणी कधी पाजायचं?"

"अगं, लग्नाचं विचार त्याला," गणपतराव म्हणाले.

"आधी मोटर दुरुस्त करू," रेवती म्हणाली. बापही लगेच उठला. गणपतरावांच्या उसावरची मोटरही कालपासून बंदच होती.

गणपतरावांनी टीव्ही बंद केला. आणखी बघितलं असतं तर रेवती त्यांचीच झाली असती.

सकाळी ते इंदुमतीच्या फोटोपुढे चहा ठेवतात. रेवतीच्या लग्नाचं तिला सांगायचं अजून राहिलं आहे.