केशरी टोक

टेबलावरच्या दोन्ही पिस्तुलांची टोकं काळी होती.

पेटीकाकांनी बॅटरी मारून पुन्हा बघितलं. काळीच! पडद्यापलीकडे तिसरा अंक सुरू होता. चार मिनिटांत नायक इथून पिस्तूल उचलणार, रंगमंचावर जाणार आणि तीन हात अंतरावर उभ्या असलेल्या बायकोवर रोखणार. नाटकातली ती बायको म्हणजे पेटीकाकांची मुलगी. आणि नायक त्यांचा जावई.

नाटकाचं सगळं सामान काका एका मोठ्या पेटीत सांभाळायचे, म्हणून हे नाव पडलेलं. विंगेतल्या टेबलावर त्यांनी प्रत्येक वस्तूची जागा खडूने आखली होती. डावीकडे खेळण्यातलं पिस्तूल, ट्रिगर दाबला की नुसतं टिक वाजणारं. उजवीकडे छऱ्याचं, खरंखुरं एअरपिस्तूल. ते काका विंगेतून पत्र्याच्या डब्यावर झाडायचे आणि लोकांना वाटायचं, नायकानेच गोळी घातली. त्या छऱ्याने माणूस मरत नाही, पण डोळ्यात गेला तर डोळा गेलाच म्हणून समजा. खेळण्याचं टोक केशरी असलंच पाहिजे, हा नियम मॅनेजरने भिंतीवर लावला होता आणि काका तो डोळ्यांत तेल घालून पाळत होते.

पण काल ऐन खुनाच्या वेळी पहिल्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "अरे, गाजर!" अख्खं सभागृह खिदळलं. जावयाचं तोंड एवढंसं झालं होतं.

जावई विंगेत येताच काकांनी विचारलं, "जावईबापू, हे कोणी केलं?"

"मीच केलं, बाबा. मध्यंतरात मागच्या दारात नेऊन काळा स्प्रे मारला," जावई खुशीत म्हणाला. "दोन्हींना मारला, एकसारखी दिसावीत म्हणून. बघा, फरक कळतोय का!"

"कळत नाहीये, तीच तर बोंब आहे!"

काकांनी वास घेतला. दोन्हींना रंगाचाच वास. नखाने खरवडून बघितलं, तो हट्टी रंग निघेना. वजनावरून ओळखावं, तर महिन्यापूर्वी खेळण्याच्या मुठीत शिसं त्यांनीच भरलं होतं. हातात खरं वाटलं पाहिजे, हा त्यांचाच हट्ट. आता भोगा! एकदा दाबून बघावं, तर बाहेर मुलगी हळू आवाजात पत्र वाचत होती. तिथे ठो झालं असतं तर नाटकाचा बट्ट्याबोळ. आणि भरलेलं पिस्तूल अंधारात घाईघाईने उघडायचं नाही, हे तर त्यांनीच सगळ्यांना शिकवलेलं. मध्यंतराआधी छर्रा भरून ठेवून चहाला जायची अवदसा आपल्यालाच आठवली, म्हणून त्यांनी मनातल्या मनात स्वतःला दोन शिव्या घातल्या.

"डावीकडचं खेळण्यातलं आहे," जावई म्हणाला. "मी जागच्या जागी ठेवलंय."

"नक्की?"

जावयाने दोन्ही पिस्तुलांकडे आळीपाळीने बघितलं. "बहुतेक."

काकांनी दोन्ही हातांत दोन्ही पिस्तुलं तोलून बघितली. त्यांनाही डावंच खेळण्यातलं वाटत होतं. किंचित हलकं लागत होतं. अगदी किंचित. बाहेर मुलीने पत्राची घडी घातली. आता जेमतेम अर्धं मिनिट उरलं होतं. जावयाने डाव्या पिस्तुलाकडे हात पुढे केला.

काकांनी दोन्ही पिस्तुलं पाठीमागे नेली.

"जावईबापू, बहुतेकच्या समोर मी माझी मुलगी उभी करणार नाही."

"अहो, मग काय घेऊन जाऊ? केळं?"

"काही नको. कोटाच्या खिशात हात घाला आणि आतूनच बोट रोखा."

"लोक हसतील हो!"

"हसू देत. निघा."

इतक्या वर्षांत सासऱ्याने जावयाला असं कधी फटकारलं नव्हतं. तो धुमसतच रंगमंचावर गेला. तो राग खरा होता आणि चेहऱ्यावर चांगला उठून दिसत होता. त्याने खिशात हात घातला. कोटाआडून काहीतरी टोकदार वर आलं आणि बायकोच्या तोंडासमोर थांबलं. सभागृह चिडीचूप झालं. कोणी खोकलंसुद्धा नाही.

विंगेत काकांनी उजवं पिस्तूल पत्र्याच्या डब्यावर रोखलं.

"घाल गोळी," बाहेर मुलगी म्हणाली.

काकांनी ट्रिगर दाबला.

टिक.

म्हणजे डावंच छऱ्याचं होतं. रंगमंचावर जावई खिशात हात घालून तसाच उभा होता. मुलगी डोळे मिटून आवाजाची वाट बघत होती. काकांनी उजवं खाली ठेवलं, डावं उचललं, डब्यावर धरलं आणि दाबलं.

डब्याला भोक पडलं, आणि पडद्यापलीकडे त्यांची मुलगी रोजच्यासारखी धाडकन खाली पडली.