लॅपटॉपातली माडी

"एक माडी चढव आपल्या घरावर," बबनराव म्हणाले. "मोठी नको. दोन खोल्यांची."

अर्पिताने मान वर केली नाही. "मिस्तरीले सांगा, बाबा."

"मिस्तरीचं काम नोहे ते. त्या लॅपटॉपातल्या घरावर चढव."

लॅपटॉपात त्यांचं गाव, नेर होतं. यवतमाळच्या धावपट्टीपासून दारव्ह्यापर्यंतचा अख्खा मुलूख होता. घरबसल्या संगणकावर विमान उडवण्याचा जो खेळ असतो, त्यात खाली दिसणारी जमीन अर्पिता एका पुण्याच्या कंपनीसाठी तयार करायची. नुसता हिरवा-पिवळा गालिचा अंथरून आता भागत नाही. विमान उडवणाऱ्यांना पाण्याची टाकी हुबेहूब लागते, बाजार समितीचं टिनाचं शेड लागतं, शेडवर कोणी गोधडी वाळत घातली असेल तर तीही लागते. उपग्रहाच्या फोटोत फक्त छपरं दिसतात, मजले कळत नाहीत. म्हणून अर्पिता आठ महिने स्कूटीवरून गावोगाव मजले मोजत हिंडली. लोकांना ती घरपट्टीवाल्यांची माणूस वाटायची. एका बाईने तर तिला पाहताच नव्या न्हाणीघरावर ताडपत्री ओढली होती.

घोळ झाला तो पाहण्याच्या कार्यक्रमात. मुलगा दारव्ह्याचा, नाव शाम, स्वतःचं कृषी केंद्र. कार्यक्रम यवतमाळला, अर्पिताच्या मामाच्या फ्लॅटवर ठेवला होता. पाहुण्यांना नेरपर्यंत कशाला त्रास, असं बबनराव ज्याला त्याला सांगत होते आणि त्यांच्या सौभाग्यवती विमलताई खिडकीबाहेर पाहत होत्या. आपल्या माडीचं सांगून झाल्यावर तुमचं घर कसं आहे, असं शामच्या वडिलांनी विचारलं, तेव्हा बबनरावांनी बसल्या जागी माडी बांधली. पोह्याची बशी हातात आली की माणूस काय वाट्टेल ते बांधतो.

मग शामने अर्पिताला तिचं काम विचारलं. तिने सांगितलं आणि तो बशी खाली ठेवून सरसावून बसला. दिवसा युरियाची पोती विकायची आणि संध्याकाळी तेच विमान उडवायचं, हा त्याचा चार वर्षांचा उद्योग होता. "मले पाठवा ना," तो म्हणाला. "तुमच्या घरावरून चक्कर मारून येतो." बबनरावांना ठसका लागला तो लिफ्टपर्यंत थांबला नाही.

अर्पिताला शाम आवडला होता. आधी पाहून गेलेल्यांपैकी एकाने लग्नानंतर हे सोडाल ना, असं विचारलं होतं आणि दुसऱ्याने लॅपटॉप कोण नेणार हे विचारलं होतं. शामने विचारलं होतं, झाडं तुम्ही एकेक करून लावता का? एवढ्या एका प्रश्नावर ती मनातल्या मनात हो म्हणून बसली होती. आता ही सोयरीक मोडली असती तर तिला खरंच वाईट वाटलं असतं.

"शंभर गोठी खोट्या बोलाव्या पण एक लगन जमवावं," विमलताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "जुने लोक उगाच नाही सांगून गेले."

"वरून कोणाले समजते?" बबनराव म्हणाले. "खरी माडी बी चढवतो मी, लग्नापर्यंत."

अर्पिताने माडी चढवली. चार मिनिटं लागली. दोन खोल्या, निळं रेलिंग. बबनराव चष्मा लावून जवळ आले आणि बराच वेळ पाहत राहिले. "गॅलरीत एक खुर्ची ठेव," ते हळूच म्हणाले. त्यांना त्या खुर्चीवर बसायचं होतं, हे तिला कळलं. तिने खुर्ची ठेवली. हे घर बापाने एकेक वीट रचून बांधलं होतं आणि आता त्याचीच त्याला लाज वाटत होती.

ते बाहेर गेल्यावर तिने माडी उतरवली. खुर्चीही काढली. सगळा मुलूख जसा होता तसा शामला पाठवून दिला आणि घरात सांगून टाकलं.

दोन दिवस फोन आला नाही. बबनराव तिच्याशी बोलेनात. विमलताईंनी वरणात दोनदा मीठ टाकलं आणि तिघांनी ते तसंच खाल्लं. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"शाम बोलतो. तुमचं घर पाह्यलं. माडी नाही त्याले."

"नाही," अर्पिता म्हणाली. दारात बबनरावांनी डोळे मिटून घेतले होते. "बाबा उगाच बोलून गेले. तुमाले नाही म्हणायचं असन त सरळ म्हणा."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"तुमी आमचं बी घर केलं," तो म्हणाला. "माडीचं."

"तुमच्या बाबांनीच सांगतलं ना, त्या दिवशी," अर्पिता म्हणाली. "एरवी मी सोता पाहून येतो. पण सोयरीक पक्की होयेपर्यंत पोरीनं पाहुण्यांच्या गल्लीत फिरकू नये, म्हणते आई. म्हणून त्यायचा शब्द धरला."

"तेच त." शामने आवाज खाली आणला. "तुमच्या माडीचं त्यायनं विचारलं बी नाही. सोयरीक पक्की समजा. पण आमच्या घरावरची तेवढी उतरवू नका. दोन दिवस झाले, बाबा कॉम्प्युटरपुढून उठून नाही राह्यले, जेवण बी तिथंच. अजून एक चक्कर मार म्हणतात. जिंदगीत पहिल्यांदा पाह्यली म्हणतात, आपली माडी."