गिळलेली गाणी

सासरी आली तेव्हा तिच्या तोंडात लाह्या फुटायच्या. पण नवरा पडला अबोल. त्याला गलबला सोसत नाही म्हणून तिने आधी गाणी गिळली, मग गप्पा. शेवटी भांडीसुद्धा आवाज न करता ठेवायला शिकली. “माणूस मुका, पण मनाने सोनं,” असं माहेरी सांगत तिने जन्म काढला.

तो गेल्यावर कोपऱ्यावरचा न्हावी भेटायला आला आणि हमसून रडला.

“वहिनी, दुकानाची रयाच गेली हो! काय त्यांच्या नकला, काय गाणी! हसून हसून वस्तरा खाली ठेवावा लागायचा.”

“आमचे हे?”

“हो तर! ‘आता घरी जा,’ म्हटलं की म्हणायचे...

‘बसू दे रे जरा. आमची बायको घुमी, घरी बोलायचं कुणाशी?’”