बाबांचा कागद

मानसशास्त्राच्या प्रॅक्टिकलला साधना मॅडमनी आम्हाला ऑनलाइन गेमच्या सवयीची वीस प्रश्नांची प्रश्नावली दिली. एक प्रत आपण भरायची, दुसरी आपल्याबद्दल घरच्यांनी. ‘कधीच नाही’ला शून्य, ‘नेहमी’ला चार. माझी प्रत मी गावी जाताना एसटीतच भरून टाकली, सगळीकडे ‘कधीच नाही’.

रविवारी शेंदूरजनाघाटला बाबा संत्र्याच्या बगीच्यातून आले, हात धुतले आणि चष्मा लावून कागद घेऊन बसले. मी शेजारीच बसलो. सातव्या प्रश्नावर त्यांचा पेन थांबला. ‘गेमसाठी घरी खोटं बोलतो का?’

“याले काय लिहू रे, पियुष?”

“लिहा ना, कधीच नाही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ‘कधीच नाही’वर खूण केली. पुढचे तेरा प्रश्न त्यांनी मला काही न विचारता भरले. कागदाची घडी करून आतल्या खोलीत नेली आणि त्यांनीच माझ्या बॅगेत ठेवली.

सोमवारी अमरावतीला, भर वर्गात, मी बेरीज सांगितली. “माझी शून्य, मॅडम. बाबांचीही शून्य.”

मॅडमनी बाबांचा कागद घेतला, उलटून पाहिला आणि माझ्यापुढे ठेवला. मागे बाबांचं अक्षर होतं.

‘मॅडम, पोरगा बाजूले बसून होता म्हणून असं भरलं. त्याले माह्यासमोर मान खाली घालाले लावणं मले जमलं नाही. तुमी सारे आकडे उलटे मोजा.’